हेर्योल्फ्सनेसची वस्त्रे : लोकर, लिनन आणि पुनर्रचनेतील काही प्रश्न

मध्ययुगीन उत्तर युरोपातील वेषभूषेचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास आरंभीच एका विषमतेला तोंड द्यावे लागते. लोकर हा प्राणिज तंतू आहे. आम्लधर्मी मातीत व दलदलीत तो शतकानुशतके तग धरतो. लिनन हे जवसाच्या खोडातील तंतूंपासून बनते. ते वनस्पतिज असल्यामुळे त्याच मातीत विरून जाते. परिणामी ज्या समाजात अंगालगत लिननचा सदरा व त्यावर लोकरीचा झगा अशी दुहेरी वेषभूषा रूढ होती, त्या समाजाचे चित्र उत्खननातून मात्र केवळ लोकरीचे उमटते. अर्धा पुरावा काळाने निवडून नाहीसा केलेला असतो, आणि उरलेल्या अर्ध्यावरून संपूर्ण माणूस उभा करावयाचा असतो.

मराठी वाचकाला लिनन हे परके वाटले तरी जवस परके नाही. विदर्भात व मराठवाड्यात जवस पिकते, त्याचे तेल निघते, चटणी होते. संस्कृतात याच वनस्पतीला क्षुमा व अतसी अशी नावे असून तिच्या तंतूंचे वस्त्र ते क्षौम. परंतु आपल्याकडील जवस मुख्यत्वे बियांसाठी लावले जाते. ते बुटके व फाटे फुटलेले असते. तंतूंसाठी लावावयाचे जवस उंच व सरळ वाढवावे लागते, मुळासकट उपटावे लागते, पाण्यात वा दवात कुजवावे लागते आणि मग कांडून, झोडून व विंचरून त्यातील धागा वेगळा करावा लागतो. उत्तर युरोपातील शेतकरी कुटुंबाच्या घरी ही सारी कामे होत असत. लोकरीपेक्षा लिननचे मोल कमी नव्हते, आणि कष्ट तर काकणभर अधिकच होते.

ह्या विषमतेचा विचार करण्यास ग्रीनलंडमधील हेर्योल्फ्सनेस ह्या स्थळाइतके उपयुक्त स्थळ क्वचितच सापडेल. ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळ, आज इकिगात ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी, नॉर्स वसाहतवाल्यांचे एक चर्च व त्याभोवती दफनभूमी होती. समुद्र वर्षानुवर्षे तो किनारा खात चालला होता. १९२१ साली डॅनिश राष्ट्रीय संग्रहालयाच्या वतीने पाउल नॉर्लुंड ह्यांनी तेथे उत्खनन केले. ग्रीनलंडात लाकडाचा तुटवडा असल्यामुळे पुष्कळ मृतांना शवपेटीऐवजी त्यांच्याच वा इतरांच्या जुन्या कपड्यांत गुंडाळून पुरलेले होते, आणि गोठलेल्या भूमीने ते कपडे राखले होते. सुमारे ३० झगे, सतराएक शिरोवेष्टने, पाच टोप्या आणि काही पायमोजे हाती लागले. राजे, धर्माधिकारी व सरदार ह्यांची वस्त्रे युरोपातील चर्चांच्या भांडारात इतरत्रही आढळतात. साध्या शेतकऱ्यांचे, स्त्रियांचे व मुलांचे रोजचे कपडे एवढ्या संख्येने एकत्र मिळणे ही मात्र असामान्य गोष्ट होय.

नॉर्लुंड ह्यांचा वृत्तान्त १९२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात एक निरीक्षण असे होते की झुडुपांची मुळे कपड्यांच्या धाग्यांतून आरपार वाढलेली होती. आता गोठलेल्या जमिनीत मुळे शिरणे शक्य नाही. तेव्हा दफनाच्या काळी ती जमीन उन्हाळ्यात वितळत असली पाहिजे व पुढे हवामान अधिक थंड झाले असले पाहिजे, असे अनुमान त्यांनी काढले. कापडातून हवामान वाचण्याचा हा प्रकार मोठा मार्मिक आहे. परंतु कापडातून कालनिर्णय करण्याचा त्यांचा दुसरा प्रयत्न तितकासा यशस्वी ठरला नाही. एका उंच टोपीची घडण त्यांना पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातील बर्गंडी दरबाराच्या चित्रांतील टोप्यांसारखी दिसली. त्यावरून युरोपातील जहाजे त्या काळापर्यंत ग्रीनलंडला येत असावीत, आणि वसाहतीतील लोक नव्या फॅशनशी परिचित असावेत, असा निष्कर्ष निघाला. ग्रीनलंडच्या नॉर्स वसाहतीविषयीचा अखेरचा लिखित उल्लेख आहे तो ह्वाल्सेच्या चर्चमध्ये सप्टेंबर १४०८ मध्ये झालेल्या एका विवाहाचा. टोपीने त्या वसाहतीचे आयुष्य अर्ध्या शतकाहून अधिक वाढविले. पुढे रेडिओकार्बन पद्धतीने त्याच टोपीचा काल काढण्यात आला, तेव्हा तो पंधराव्या शतकाच्या मध्यापूर्वीचा ठरला. एका समाजाच्या अंताचा इतिहास एका टोपीच्या आकारावर तोलून धरला गेला होता.

ह्या प्रकरणाचा पुनर्रचनेशी निकटचा संबंध आहे. चित्रातील आकाराशी जुळते म्हणून वस्त्र अमुक काळाचे, हा तर्क जसा धोक्याचा, तसाच चित्रात असे दिसते म्हणून वस्त्र अशाच रीतीने बेतले असेल, हा तर्कही धोक्याचा. शिवण, कळी, धाग्याचा पीळ ह्या गोष्टी चित्रकार दाखवीत नाही. त्या कापडावरूनच वाचाव्या लागतात. हे काम एल्से ओस्टरगोर ह्यांनी हाती घेतले व त्यांचा ग्रंथ २००४ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. लिली फ्रान्सेन व ॲना नॉर्गोर ह्यांच्यासह त्यांनी २०११ साली त्याच वस्त्रांचे बेत मापांसह प्रकाशित केले. दरम्यान ‘वाळूखालचे शेत’ ह्या नावाने प्रसिद्ध झालेल्या पश्चिम वसाहतीतील घराचे १९९१ ते १९९६ ह्या काळात उत्खनन झाले होते, आणि तेथे विणकामाची खोली व मागाची वजने मिळाल्यामुळे कापड कसे निर्माण होई ह्याविषयी नवा प्रकाश पडला होता.

ग्रीनलंडमधील लोकरी कापडाला नॉर्स भाषेत ‘वाथमाल’ म्हणत. त्याची वीण तिरकस, म्हणजे बाण्याचा धागा ताण्याच्या दोन धाग्यांवरून व दोन धाग्यांखालून जाणारी असे. उत्तरेकडील मेंढीच्या अंगावर दोन प्रकारची लोकर असते : वरची लांब, राठ व चकचकीत, आतली आखूड, मऊ व उबदार. वरच्या केसांचा घट्ट पिळाचा धागा ताण्यासाठी व आतल्या लोकरीचा सैल, फुगीर धागा बाण्यासाठी, अशी वाटणी केलेली असे. पुष्कळ कापडांत ताणा गडद व बाणा फिकट आहे. ताणा एका दिशेने तर बाणा विरुद्ध दिशेने पिळलेला आहे. तिरक्या विणीच्या रेषा त्यामुळे उठून दिसतात. ग्रीनलंडच्या कापडाचे आणखी एक वैशिष्ट्य ओस्टरगोर ह्यांनी दाखविले आहे. इतरत्र सामान्यतः ताण्याचे धागे अधिक दाट असतात, येथे उत्तरकाळात बाण्याचे धागे अधिक आहेत. थंडीपासून संरक्षण देण्याचे काम मऊ बाणा करतो, हे लक्षात घेता ह्या बदलाचा संबंध वाढत्या थंडीशी जोडण्याचा मोह होतो. ही उपपत्ती आकर्षक आहे, सिद्ध मात्र नाही.

माग उभा असे. ताण्याचे धागे वरच्या दांड्यापासून लोंबत व खाली मऊ दगडाच्या वजनांनी ताणलेले राहत. विणणारी स्त्री उभी राहून बाणा वरच्या दिशेने ठोकीत असे. हे काम पुनर्रचना करणाऱ्याने दुकानातून कापड आणण्यापूर्वी एकदा तरी हिशेबात मांडावे. एका चौरस मीटर कापडात दर सेंटिमीटरला ताण्याचे ९ व बाण्याचे ११ धागे धरले, तर ९०० अधिक ११०० मिळून २,००० मीटर सूत लागते. टकळीवर कसलेली स्त्री ताशी सुमारे ४० मीटर सूत काढू शकते. म्हणजे एका चौरस मीटरसाठी ५० तास केवळ कताई. मोठ्या माणसाच्या झग्याला साडेतीन चौरस मीटर कापड धरल्यास कताईचेच १७५ तास होतात. त्यात लोकर निवडणे, धुणे, विंचरणे, माग मांडणे, विणणे व शिवणे धरलेले नाही. मागावरून उतरलेल्या कापडाला कात्री लावण्यापूर्वी मध्ययुगीन शिवणारी इतका विचार का करीत असे, हे ह्या हिशेबानंतर वेगळे सांगावे लागत नाही.

आपल्याकडील घोंगडीशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. सणगरांनी विणलेली व चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी मागावरून थेट खांद्यावर येते. तिला कात्री लागत नाही. नॉर्स कापडही एका परीने नाणेच होते. आइसलंडच्या जुन्या कायद्यात सहा हात वाथमाल म्हणजे एक औंस, असे मूल्य ठरलेले होते, आणि व्यवहारातील कापडाची रुंदी दोन हात असावी असा दंडक होता. त्यांचा ‘अलिन’ व आपला ‘हात’ ही दोन्ही मापे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या लांबीवरून आलेली. आइसलंडचा कायदेशीर हात अर्ध्या मीटरला थोडा कमी भरतो. म्हणजे कापड एक मीटरच्या आत बसे. ज्या कापडाने कर भरता येतो, त्यातून झगा बेतताना वाया जाणारा प्रत्येक तुकडा हा वाया गेलेला पैसा होता.

हेर्योल्फ्सनेसच्या झग्यांची घडण ह्या काटकसरीतून समजते. पुढचा व मागचा भाग हे खांद्यापासून खाली येणारे दोन सरळ पट्टे. घेर मिळतो तो कळ्यांनी. समोर मध्यभागी व पाठीमागे मध्यभागी चीर देऊन तीत कळी बसविलेली असते, आणि दोन्ही बगलांखाली अनेक कळ्यांची रांग असते. अंगरख्याच्या कळ्या ज्याने पाहिल्या आहेत त्याला ही युक्ती अपरिचित वाटणार नाही. आयताकृती तुकडा कोनाकोनी कापला की दोन त्रिकोण मिळतात. एक सुलटा, एक उलटा ठेवला की कापड वाया जात नाही. कळीची एक बाजू धाग्याच्या सरळ रेषेत व दुसरी उरेब असते. उरेब बाजू ताणली जाऊन लोंबते, म्हणून तिला शेजारच्या तुकड्याच्या सरळ बाजूचा आधार देणे हे बेतकाराचे कौशल्य होय. दोन उरेब बाजू एकमेकींस जोडल्या, तर वर्षभरात घेराची कड वरखाली होते.

बाही हा सर्वांत बोधप्रद भाग. तिची शिवण आजच्यासारखी बगलेखालून न जाता हाताच्या मागच्या बाजूने जाते, आणि तेथे खांद्याजवळ एक पाचर बसविलेली असते. त्यामुळे बाही अंगाबरोबर असूनही हात पुढे आणणे, वल्हे ओढणे, मेंढीची लोकर कातरणे ही कामे अडत नाहीत. आजच्या शिंप्याचा बेत घेऊन त्यावर मध्ययुगीन झगा चढविणाऱ्यांची फसगत होते ती येथेच. झगा दिसावयास बरोबर असतो, पण घालणाऱ्याने हात उचलला की सबंध घेर वर उचलला जातो. असे वस्त्र इतिहासाविषयी काही सांगत नाही. ते फक्त चित्राची नक्कल करते.

शिवणकामाविषयीही कापडच साक्ष देते. शिवण्याचा दोरा लोकरीचाच आहे. टाके बारीक व समोरून जवळजवळ न दिसणारे आहेत. कापडाच्या आतल्या कडा विस्कटू नयेत म्हणून त्यांवरून टाके घालून त्या बसविलेल्या आहेत. गळा, बाहीचे टोक व खिशाची चीर ह्यांच्या कडांवर धाग्यांची अरुंद पट्टी विणता विणताच शिवलेली आढळते. मशीनच्या टिपेने ही कड येत नाही. शिवाय घेराच्या आतील लांब शिवणी मशीनवर मारून दिसणाऱ्या कडा तेवढ्या हाताने पुऱ्या करणे, ही तडजोड प्रदर्शनासाठी चालेल. वस्त्र कसे झिजते, कसे लोंबते, कोठे फाटते हे तपासावयाचे असेल तर ती चालणार नाही. पुनर्रचनेचा हेतू आधी ठरवावा व मग दोरा निवडावा, हा क्रम उलटता येत नाही.

रंगांबाबत एक गैरसमज दीर्घकाळ टिकला. उत्खननातून आलेली वस्त्रे आज तपकिरी दिसतात, म्हणून त्यांचे धारण करणारे लोक तपकिरी पोशाखात वावरत, असे मानले गेले. मातीने सर्वच लोकर काळवंडते. रासायनिक विश्लेषणात टॅनिनयुक्त रंगांच्या व दगडफुलांपासून निघणाऱ्या जांभळ्या रंगाच्या खुणा मिळाल्या आहेत. शिवाय पांढऱ्या, करड्या व काळ्या मेंढ्यांच्या लोकरीचे स्वाभाविक रंगही जाणीवपूर्वक निवडलेले होते. लिननची गोष्ट निराळी. जवसाचा तंतू रंग सहजी पकडत नाही. तो उन्हात व दवात पसरून पांढरा केला जाई. म्हणून वर रंगीत लोकर व आत पांढरे लिनन ही रचना सोयीची होती. आतले वस्त्र वरचेवर धुता येते, उकळताही येते. लोकर तशी धुतली तर आटून घट्ट होते. वरच्या झग्याला घामापासून वाचविणे हे सदऱ्याचे मुख्य कार्य होते.

हा सदरा हेर्योल्फ्सनेसच्या थडग्यांत नाही. तेथील सर्व वस्त्रे लोकरीची आहेत. मग पुनर्रचना करणाऱ्याने काय करावे? काहींनी झग्याखाली लिननचा सदरा गृहीत धरला, काहींनी तो वगळला. दोन्ही पक्षांना आधार शोधावा लागतो तो ग्रीनलंडबाहेर. डेन्मार्कमधील विबोर्ग येथे १९८० च्या दशकात अकराव्या शतकातील लिननच्या सदऱ्याचे अवशेष मिळाले. पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चमध्ये राजा नववा लुई ह्याचा म्हणून जतन केलेला लिननचा सदरा आहे. त्याची एक बाही नाहीशी झालेली असून २०१९ च्या आगीतून तो सुखरूप बाहेर काढण्यात आला. ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतात लेंगबेर्ग किल्ल्यात २००८ साली एका कमानीच्या पोकळीत भरलेल्या कोरड्या कचऱ्यातून पंधराव्या शतकातील लिननची अंतर्वस्त्रे निघाली, त्यांत स्त्रियांच्या आजच्या चोळीसारखी बेतलेली वस्त्रेही होती. त्यापूर्वी असे वस्त्र त्या काळी असेल असे फारसे कोणी मानीत नव्हते. ह्या तीनही ठिकाणी लिनन टिकले ते निरनिराळ्या कारणांनी : एके ठिकाणी पाणथळ मातीने, दुसऱ्या ठिकाणी श्रद्धेने, तिसऱ्या ठिकाणी केवळ कोरड्या कचऱ्याने. अभावावरून नास्तित्व सिद्ध होत नाही, हे तर्कशास्त्रातील वचन वस्त्रेतिहासात जितके लागू पडते तितके इतरत्र क्वचितच. डेन्मार्कच्या हुल्द्रेमोसे येथे १८७९ साली दलदलीत सापडलेल्या लोहयुगीन स्त्रीच्या बाबतीत तर, लोकरीच्या घागऱ्याखाली वनस्पतिज तंतूंचे वस्त्र असावे ह्याच्या सूक्ष्म खुणा शंभराहून अधिक वर्षांनंतर तिच्या त्वचेवर आढळल्या.

प्रत्यक्ष आखणीकडे वळल्यास लोकर व लिनन ह्यांना एकाच रीतीने वागविता येत नाही. लिनन कापण्यापूर्वी धुवून आटवून घ्यावे लागते, अन्यथा पहिल्या धुण्यात सदरा बोटभर आखूड होतो. त्याचे धागे कडेने सुटतात. म्हणून शिवणीसाठी अधिक कड सोडून ती आत दुमडून तुरपावी लागते, आणि चौकोनी व आयताकृती तुकड्यांचा बेत त्याला मानवतो. सदऱ्याच्या बगलेत चौकोनी तुकडा बसवितात तो ह्यासाठीच. घट्ट लोकर कडेने कमी सुटते, वाफेने वळते, वक्र कापणी सहन करते. बाहीचा गोलवा लोकरीत जमतो तसा लिननमध्ये जमत नाही. तेव्हा आतल्या सदऱ्याचा बेत हा बाहेरच्या झग्याच्या बेताची लहान आवृत्ती नव्हे. क्रमही महत्त्वाचा आहे : आधी सदरा शिवावा, तो घालून मापे घ्यावी, मग मांजरपाटात झग्याचा नमुना करून पाहावा, आणि शेवटी लोकरीला कात्री लावावी. आजचे लोकरी कापड दीड मीटर रुंद मिळते. जुन्या रुंदीची मर्यादा पाळावयाची असल्यास कापडावर खडूने एक मीटरची रेषा आखून पलीकडचा भाग नाही असे समजूनच तुकडे मांडावे लागतात. असे केल्यावर कळ्या इतक्या अनेक का आहेत ह्याचे उत्तर आपोआप मिळते. रुंद कापडावर ते कधीच मिळत नाही.

थडग्यातील वस्त्रांवरून मापे घेताना आणखी एक सावधगिरी हवी. ही वस्त्रे मृताच्या अंगात घातलेलीच होती असे नाही. काही उसवून गुंडाळलेली, काही ठिगळ लावलेली, काहींचे भाग कापून अन्यत्र वापरलेले. झग्याची आजची लांबी ही त्याची मूळ लांबी असेलच असे नाही, आणि त्यावरून त्या माणसाची उंची काढणे तर अधिकच अवघड.

सदऱ्याच्या लांबीविषयी मात्र एक समकालीन ग्रंथ मदतीस येतो. तेराव्या शतकाच्या मध्यास नॉर्वेत रचलेल्या ‘राजदर्पण’ ह्या पिता-पुत्र संवादात ग्रीनलंडचे वर्णन आहे, आणि दरबारी जाणाऱ्या तरुणाच्या पोशाखाविषयी उपदेशही आहे. पिता मुलाला बजावतो तो असा की सदरा झग्यापेक्षा आखूड बेतावा, कारण जवसाच्या वा तागासारख्या धाग्यांनी कोणा सभ्य माणसाला शोभा येत नाही. म्हणजे लिनन सर्वांजवळ होते, ते दिसू नये एवढीच अपेक्षा होती. हेर्योल्फ्सनेसच्या झग्यांखाली सदरा शिवावयाचा असेल, तर तो घेराच्या कडेपासून वितभर वर थांबविणे हे त्या काळाच्या रीतीला धरून होईल.